पोटॅशियम 6 वर गेलं: ताट बदलायचं, पावडर घ्यायची की डायलिसिस वाढवायचं?

रिपोर्टात आकडा चढला की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड केळ्यावर पडते. मी आधी डायलिसिसचं वेळापत्रक बघेन. पोटॅशियम बाहेर काढण्याचं मुख्य काम मशीनच करतं. आठवड्यातून दोनदाच जात असाल किंवा बस चुकेल म्हणून सत्र संपायच्या तासभर आधी मशीनवरून उठत असाल, तर ताटातल्या काटकसरीला मर्यादा पडणारच. चवथीला सत्र बुडवण्याऐवजी तारीख आधी मागून घ्या. दोन सत्रांमधल्या लांब खंडाच्या शेवटीच हृदयाला धोका जास्त असतो. तिसऱ्या सत्राने प्रवास आणि मजुरीचा दिवस जातो, हे खरंच. डायलिसिसच्या द्रावणात पोटॅशियम किती ठेवायचं हे मात्र डॉक्टरांवर सोडा. ते फार कमी ठेवलं तर रक्तातली पातळी झपकन उतरते आणि ठोके बिघडू शकतात.

पथ्याला पैसे लागत नाहीत, पण ते घरातल्या बाईच्या जिवावर उठतं. म्हणून पन्नास गोष्टी बंद करण्यापेक्षा मोठे चोर पकडा. एका आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यात 500 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम जातं. दिवसभराची मर्यादा बहुतेकांना 2000 ते 3000 मिलिग्रॅमच असते. तांबडी भाजी, कणगां, सुरण चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं भिजत घालून तेवढं निघत नाही. हुमणातली मासळी सोडू नका, डायलिसिसवाल्याला प्रथिनं लागतातच. नारळाचा रोस तेवढा भातावर बेताने घ्या. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, ते घरात नकोच. करमलांची (स्टार फ्रूटची) गोष्ट तर वेगळीच: त्यांतलं विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. उचकी लागते, माणूस बरळतो, फिट येते, जीवही जातो. मीठ लावून एक फोडही नको.

राहिली पावडर, म्हणजे आतड्यात पोटॅशियम धरून शौचावाटे बाहेर नेणारं औषध. जुनी, स्वस्त पॉलिस्टायरीन सल्फोनेट पाण्यात कालवली तरी वाळूसारखी दाताखाली येते आणि पोट घट्ट करते. मूत्रपिंडं थकल्यावर थोडं पोटॅशियम शौचावाटे जातं, त्यामुळे बद्धकोष्ठता इथे परवडत नाही. नवी झिर्कोनियमची पावडर डायलिसिस नसलेल्या दिवशी घेतात, सुरुवात सहसा 5 ग्रॅमने. ती घ्यायला सोपी, पण महाग. तिच्यात सोडियम असल्याने सूज आणि तहान सांभाळावी लागते. पॅटिरोमर ही आणखी एक नवी पावडर, पण ती आणि तोंडाने घ्यायची इतर औषधं यांत तीन तासांचं अंतर लागतं. दिवसाला दहा गोळ्या घेणाऱ्याला ते गणित जमवणं कठीण.

सत्रं पूर्ण होत असून लांब खंडानंतर आकडा चढतोच, त्याला मी पावडर विचारायला सांगेन. सत्रं बुडवणाऱ्याला नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, तेव्हा यादी सोबत न्या. स्वतःहून काही बंद करू नका. नमुना काढताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटा चढतो, म्हणून डॉक्टर कधीकधी पुन्हा तपासायला सांगतात.

पाय गळून गेले, छातीत धडधडलं तर यातलं काहीच ताडून बघत बसू नका. 108 लावा आणि ‘डायलिसिसचा पेशंट आहे’ हे आधी सांगा, म्हणजे ईसीजी लगेच काढतील.