मुलांच्या बास्केटबॉल ऑल-स्टार वीकेंडला कुठला बॉल? मोल्टन ४५०० आणि रबरी बॉल, पुण्याच्या कोर्टवर

निकाल आधी सांगतो. हॉलमध्ये, लाकडी फ्लोअरवर खेळवणार असाल तर मोल्टन कंपनीचा बीजी ४५०० डोळे झाकून घ्या. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर खेळवणार असाल तर तो पिशवीतून बाहेरही काढू नका, चांगल्या रबरी बॉलवर खेळवा. पुण्यात शाळांची, सोसायट्यांची बहुतेक कोर्टं उघड्यावरच आहेत, म्हणून हे इतकं स्पष्ट सांगायला हवं.

ऑल-स्टार वीकेंड म्हणजे नुसता एक सामना नव्हे. थ्री-पॉइंट स्पर्धा (लांबून शॉट मारण्याची), स्किल्स चॅलेंज (ड्रिबल, पास आणि शॉटची शर्यत), मुलामुलींचे वेगवेगळे सामने आणि मधला वॉर्म-अप धरला तर दोन दिवसांत एकेक बॉल शेकडो हातांतून जातो. तेरा-चौदा वर्षांच्या खेळाडूला बॉल जड वाटला, निसटला किंवा जास्त उसळला की तो स्वतःच्या शॉटला दोष देतो आणि ऐन स्पर्धेत शॉटची पद्धत बदलायला जातो. मोठ्यांचंही वेगळं नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने २००६ च्या मोसमात चामड्याऐवजी सिंथेटिक बॉल आणला, खेळाडूंनी बोटं कापतात अशी तक्रार केली आणि १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा बॉल परत आला.

बीजी ४५०० हा बारा पॅनेलचा, केशरी आणि क्रीम रंगाचा, कंपोझिट लेदरचा (कृत्रिम चामड्याचा), फिबाची (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मान्यता असलेला बॉल आहे. दोन रंगांमुळे हवेत त्याची फिरकी दिसते, त्यामुळे शॉट सोडताना बोटं सरळ होती की नाही ते कोचला लांबूनही कळतं. शिकणाऱ्या मुलांसाठी याहून मोठा गुण नाही. पृष्ठभाग मऊ आणि किंचित चिकट, पकड उत्तम. पण कोरा बॉल थोडा निसरडा असतो, काही सत्रं हातात फिरल्यावरच तो खुलतो. स्पर्धेच्या सकाळी खोक्यातून काढलेला बॉल थेट रॅकवर (थ्री-पॉइंट स्पर्धेत बॉल ठेवायच्या स्टँडवर) ठेवू नका. सिमेंटवर मात्र हाच मऊ थर खरवडला जातो, दाणे गुळगुळीत होतात, फटींत बारीक माती बसते आणि पकड गेली ती गेलीच. मातीच्या मैदानाशेजारी कोर्ट असेल तर हे आणखी लवकर होतं.

रबरी बॉल निव्हिया, कॉस्को अशा कंपन्यांचे सहज मिळतात आणि किमतीत खूपच स्वस्त पडतात. घेताना खोबणी खोल आहे ना आणि दाणे उठावदार आहेत ना, एवढं बघा. टप्पा थोडा जास्त, हाताला कडक, आणि घाम आला की निसटतो. पण मळला तर साध्या पाण्याने नि सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवता येतो. कंपोझिट बॉल फक्त ओल्या सुती फडक्याने पुसायचा. साबण, स्पिरिट, थिनर काही लावायचं नाही.

साइजमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो. मुलग्यांसाठी सात नंबर, मुलींसाठी सहा, बारा वर्षांखालच्यांना पाच. सातचा घेर ७५ ते ७७ सेंटिमीटर, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. सहाचं वजन ५१० ते ५५०. मोल्टनच्या मॉडेलच्या नावातच साइज असतो: बी७जी४५०० म्हणजे सात, बी६जी४५०० म्हणजे सहा. ‘घरात दादाचा आहेच’ म्हणून मुलीला सात नंबरवर सराव करायला लावणं चूक आहे. लहान हाताने मोठा बॉल ढकलायचा म्हटलं की कोपर बाहेर जातं, आणि ही सवय मोडायला फार वेळ लागतो.

आता हवेचं. बॉलवर व्हॉल्व्हजवळ प्रेशर छापलेलं असतं, बहुतेकांवर ७ ते ९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). फेब्रुवारीत पुण्यात पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३२ अंश असतं. आदल्या दुपारी ८ पीएसआय भरलेला बॉल पहाटे उघड्या कोर्टवर पावणेसातच्या आसपास येतो. उलट, गार सकाळी ८ भरून उन्हात ठेवला तर दुपारपर्यंत साडेनऊच्या घरात जातो आणि रिंगवरून लांब उडू लागतो. बॉलमध्ये काही बिघाड नसतो, हवा तापते तशी दाब वाढवते. म्हणून हवा खेळायच्या जागी, खेळायच्या वेळेच्या जरा आधी तपासा आणि बॉलची पिशवी सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

पिन ओली करूनच, सरळ आत घाला. कोरडी पिन तिरकी रेटली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं किंवा तो आत ढकलला जातो, मग बॉल गेला. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर कधीही भरू नका. तिथला दाब टायरसाठी असतो, एका क्षणात शिवणीपाशी फुगवटा येतो. साधा हातपंप आणि वेगळा प्रेशर गेज, एवढं पुरतं. गेज नसेल तर भिंतीवर तीन पट्ट्या चिकटवा: १.८ मीटर, १.४ आणि १.२. बॉलचा खालचा भाग १.८ वर धरून सोडा. उसळल्यावर वरची कड १.२ ते १.४ च्या मध्ये आली तर ठीक. मग दोन्ही हातांनी हवेत फिरवून बघा. खोबणीची रेघ डुलताना दिसली तर बॉल अंडाकृती झालाय. मुलं वाट बघताना बॉलवर बसतात, त्याने हे होतं. बॉलवर कुणी बसत नाही ना हे बघण्याचं एकच काम एखाद्या ताईला किंवा दादाला द्या.

थ्री-पॉइंट स्पर्धेत ही सगळी मेहनत दिसते. एनबीएत २०२० पासून ७० सेकंद आणि २७ बॉल आहेत, त्यातले २५ रॅकवरचे आणि दोन आणखी लांबून मारायचे. मुलांसाठी ते लांबचे दोन बॉल सोडून द्या, पाच रॅकवर पाच-पाच असे २५ पुरेत, आणि ६० सेकंद. प्रत्येक रॅकवर शेवटचा बॉल दोन गुणांचा, बाकीचे एकेका गुणाचे, एक रॅक पूर्ण दोन गुणांची, म्हणजे जास्तीत जास्त ३४ गुण. पंचवीसही बॉल एकाच मॉडेलचे, एकाच साइजचे हवेत आणि त्यांच्या दाबात अर्ध्या पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. तेवढे ४५०० जमत नसतील तर पंचवीस रबरी घ्या. चार ४५०० आणि एकवीस रबरी अशी भेळ नको. तिसऱ्या बॉलला मुलाचा हात बसतो, चौथ्याला बिघडतो.

रॅक वेल्डरकडून करून घेता येते. सात नंबरचा व्यास साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणून पाच बॉलसाठी लांबी १२५ ते १३० सेंटिमीटर ठेवा, उंची मुलांच्या कमरेइतकी. बॉल ठेवताना खोबण्या एकाच दिशेला आणि व्हॉल्व्ह बाजूला. उचलला की बोटं थेट खोबणीवर पडतात, बॉल फिरवण्यात सेकंद जात नाही. रिंगखाली बॉल गोळा करणारे तिघं आणि रॅक भरणारे दोघं लागतात. त्याहून कमी ठेवले तर दोन स्पर्धकांमध्ये इतका वेळ जातो की पुढचा खेळाडू गार पडतो.

खरेदी करताना पक्कं बिल मागा, मोल्टनच्या नकला बाजारात असतात. फिबाचं मान्यतेचं चिन्ह आणि अक्षरांची छपाई नीट बघा, खोबणी सगळीकडे सारखी आहे का त्यावरून अंगठा फिरवा. दुकानात वजनकाटा असेल तर त्यावर ठेवा. सात नंबर म्हणून दिलेला बॉल ५८० ग्रॅमच्या खाली भरला तर घेऊ नका.