जेल की लोशन? चेहऱ्याच्या क्लिन्झरबद्दल एका चष्मेवाल्याचा कौल

साबणाची वडी चेहऱ्याला लावायची नाही, एवढं तुमचं ठरलेलं आहे असं मी धरून चालतो. साबणाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ९-१०च्या घरात आणि त्वचेचा ५च्या आसपास, त्यामुळे हे जमणारं नाही. त्वचेवरच्या या आम्लधर्मी आवरणाबद्दल शाडे आणि मार्किओनिनी या संशोधकांनी १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे गोष्ट नवीही नाही. खरी पंचाईत त्याच्यापुढे होते. ‘सौम्य’ म्हणून दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या ट्यूब समोर येतात. एक कमी फेसाचं पारदर्शक जेल आणि दुसरं दुधासारखं, जवळजवळ फेस न होणारं लोशन. मी दोन्ही वापरलेत. लोशन दीडेक वर्ष वापरलं, त्यानंतर जेलवर आलो आणि अजून जेलवरच आहे.

माझी त्वचा मिश्र. दुपार होईपर्यंत कपाळ आणि नाक चकाकायला लागतं, गाल मात्र कोरडे, थोडं दुर्लक्ष झालं की पापुद्रे सुटणारे. तुमची त्वचा नुसतीच तेलकट किंवा नुसतीच कोरडी असेल तर तुमचा निर्णय माझ्यापेक्षा बराच सोपा आहे.

आधी लोशनची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. तोंड टिपून घेतल्यावर गाल मऊ लागतात, हसताना ओढ बसत नाही. तोंड धुतलं आणि तेवढ्यात फोन आला, तर दहा मिनिटं बोलून मग मॉइश्चरायझर लावलं तरी चालतं. यात मळ काढणारे घटक बेताचे असतात, आणि सोबत सेटिल अल्कोहोल, स्टीअरिल अल्कोहोल असे घटक येतात. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे असतात, त्वचा कोरडी करत नाहीत. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून धुतल्यावरही त्यांचा पातळसा थर मागे राहतो. कोरड्या त्वचेला हाच थर हवा असतो.

माझं मात्र या थरावरूनच बिनसलं.

मी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा लावतो. लोशनने तोंड धुवून चष्मा चढवला की नोज पॅड टेकतात त्या दोन जागा निसरड्या झालेल्या असायच्या. चपलेचा बंद लावायला वाकलो की चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो वर सरकवायला बोट लावलं की बोटाचा तेलकटपणा काचेच्या खालच्या कडेला, आणि कापडाने पुसावं तर त्याचा धुरकट पट्टा काचभर पसरायचा. काम करताना दर पाच-सात मिनिटांनी एकदा तरी बोट नाकाकडे जायचं. सुरुवातीला मला वाटलं चष्म्याची फ्रेम सैल झाली, म्हणून ती आवळूनही घेतली. मग एका सुट्टीच्या दिवशी नुसत्या पाण्याने तोंड धुतलं आणि चष्मा दिवसभर जागचा हलला नाही.

तरी लोशन सोडवेना, कारण गाल खरंच सुधारले होते. म्हणून जास्त पाणी घ्यायला लागलो. तीन-चार ओंजळींनी भागायचं तिथे दहा-बारा ओंजळी, कोपरापर्यंत ओघळ, आणि तरीही नाकपुड्यांच्या बाजूला आणि केसांच्या रेषेवर गुळगुळीत लागायचं. मग बोटांनी चोळणं आलं, चोळूनही भागेना तेव्हा टॉवेलने खसाखसा पुसणं आलं. आठवडाभरात नाकाच्या दोन्ही बाजू लाल झाल्या. त्वचेला जपावं म्हणून घेतलेली वस्तू नीट निघावी म्हणून मी त्वचाच घासत होतो. ते लक्षात आलं त्या दिवशी मी जेल आणलं.

पहिल्याच धुण्यात फरक कळला. फेस बेताचाच होतो, पण तो गेला की सगळं गेलं हे बोटांना कळतं. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे हे खरं, पण कुठे थांबायचं हे सांगायला तो उपयोगी पडतो. चार ओंजळी पाणी, टॉवेलने टिपणं आणि वर चष्मा. संध्याकाळी सनस्क्रीन उतरवतानाही जेल उजवं वाटलं. लोशनने धुतल्यावर पांढऱ्या टॉवेलवर पिवळसर डाग उमटायचा, जेलने तो फारच फिका झाला. पाण्याने न निघणारं सनस्क्रीन असेल तर एका धुण्यात दोन्हींपैकी कशानेही पुरतं निघत नाही, ते सोडून देऊ.

जेलचे दोषही सांगायला हवेत. तोंड धुतल्यावर ओठांच्या कोपऱ्यांपाशी हलकासा ताण जाणवतो, आणि मॉइश्चरायझर दोन-तीन मिनिटांत लावावंच लागतं. मी जेल वाटाण्याएवढंच घेतो, आधी कपाळ आणि नाकावर फिरवतो आणि गालांवरून शेवटी नुसता उरलेला हात नेतो. पाणी कोमट, तेही कोमटाच्या अलीकडचं. एवढं पाळल्यापासून गालांचे पापुद्रे परतलेले नाहीत. सकाळी तर मी बहुतेकदा पाण्यावरच भागवतो.

मात्र कुठलंही जेल उचलू नका. ‘सल्फेट-फ्री’ हा शब्द पाहून मी एकदा फसलोय. त्या ट्यूबमध्ये सल्फेट, म्हणजे जोरदार फेस करणारा कडक घटक, नव्हता, पण घटकांच्या यादीत सुरुवातीलाच ओलेफिन सल्फोनेट हा तसाच मळ काढणारा घटक होता, आणि धुतल्यावर चेहरा भांड्यासारखा करकरीत व्हायचा. यादीत कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन यांसारखी मळ काढणाऱ्या सौम्य घटकांची नावं वर असली तर माझा अनुभव चांगला आहे. असे दोन-तीन घटक एकत्र आले की त्यांचे रेणू मोठे पुंजके करून राहतात आणि त्वचेत शिरायला सुटे रेणू कमी उरतात, म्हणून मिश्रण एकेकट्या घटकापेक्षा सौम्य पडतं. पण यातल्या बीटेनची काहींना अ‍ॅलर्जी असते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक घटक’ म्हणून निवडलं होतं. जेल सुरू केल्यावर पापण्या खाजायला लागल्या तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. आणि सुगंध नसलेलंच घ्या. ‘अनसेंटेड’वर मात्र जाऊ नका, त्यात मूळचा वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो.

साबणासारखी दिसणारी पण साबण नसलेली सिंडेट वडी हा तिसरा पर्याय. सगळ्या वड्या सारख्या नसतात, हे फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७९ साली लोकांच्या हातांवर पाच दिवस वड्यांची द्रावणं झाकून ठेवून दाखवलं होतं. चांगली सिंडेट वडी खरंच सौम्य असते. पण ओल्या जागी ती लिबलिबीत होते, आणि अंगाला-चेहऱ्याला एकच वडी फिरू लागते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. मुरमांसाठीच्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या फेस वॉशबद्दल इतकंच म्हणेन की तो अर्ध्या मिनिटात धुऊन जातो. खरा उपचार हवा असेल तर त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये, आणि कोरड्या गालांवर तर तो नकोच.

मग कोणी काय घ्यावं? त्वचा कायम कोरडी असेल, एक्झिमा असेल, किंवा डॉक्टरांनी रात्रीसाठी अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइनसारखं त्वचा कोरडी करणारं मुरमांचं औषध दिलं असेल, तर लोशनच घ्या, माझ्या चष्म्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. तेलकट त्वचेला जेल. मिश्र त्वचेच्या लोकांना दोन्ही चालू शकतात हे मी मान्य करतो, आणि ज्यांना चष्मा नाही त्यांना लोशनचा तो थर कदाचित आवडेलही. पण रोज सनस्क्रीन लावत असाल, चष्मा असेल किंवा दाढी राखली असेल, तर आधी जेल घेऊन पाहा. दाढीच्या मुळांशी लोशन कसं अडकतं ते मी महिनाभर दाढी वाढवली होती तेव्हा पाहिलंय, वाळल्यावर पांढरी भुकटी पडते.

लोशनची अर्धी ट्यूब माझ्याकडे अजून आहे. हवा फार कोरडी झाली की आठवडाभर रात्री ती गालांपुरती वापरतो, नाकाला मात्र लावत नाही.