पेंटॅक्स के१००० : एका सुईवर चालणारा कॅमेरा

पेंटॅक्स के१००० हा कॅमेरा वापरणाऱ्याला काम चालू असताना एकच गोष्ट सांगतो. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक बारीक सुई असते. ती मधोमध आली की उजेड बेताचा, वर सरकली की जास्त आणि खाली उतरली की कमी. शटरचा वेग किती ठेवला आहे, भिंगातले उजेड आत सोडणारे छिद्र किती उघडे आहे, रोलवर किती फ्रेम उरल्या आहेत, यातले काहीही आत दिसत नाही; त्यासाठी डोळा बाजूला घेऊन कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या तबकड्या आणि भिंगाभोवतीची कडी पाहावी लागते. चित्र कसे आले हे तर रोल धुतल्याशिवाय कोणालाच कळत नाही. गेले आठ महिने मी हा कॅमेरा वापरतो आहे आणि अकरा रोल संपवले आहेत. फिल्मकडे परत वळताना मला जो आनंद झाला, त्याचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या या अबोलपणातच आहे, असे आता माझे मत झाले आहे.

हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. या काळात त्याचे तीस लाखांहून अधिक नग तयार झाले. निर्मिती आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये आणि शेवटी चीनमध्ये झाली. रचनेचे मूळ पेंटॅक्सच्याच १९६४ सालच्या स्पॉटमॅटिक या कॅमेऱ्यात आहे, आणि नवशिक्याला परवडावा म्हणून त्यातून बरेच काही वगळलेले आहे : सेल्फ टायमर नाही आणि चित्रात पुढून मागे किती अंतरापर्यंतचे स्पष्ट येईल हे आधी पाहण्याची सोयही नाही. गंमत अशी की हा कॅमेरा बाजारात येण्याच्या एकच वर्ष आधी, १९७५ मध्ये, कोडॅकमधील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. त्याचे चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. म्हणजे के१००० ला ‘डिजिटलपूर्व काळातला कॅमेरा’ म्हणणे काटेकोरपणे पाहिले तर चुकीचेच आहे.

माझ्याकडे आलेला कॅमेरा मामांचा. हातात घेतल्यावर आधी जाणवते ते वजन, आणि मग फिल्म पुढे सरकवणाऱ्या लिव्हरचा खरखरीत, ठाम प्रतिसाद. शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे सगळे वेग बॅटरीशिवाय चालतात. छोटी १.५ व्होल्टची गोल बॅटरी लागते ती केवळ त्या सुईसाठी. सुईला वेगळे बटण नाही, त्यामुळे भिंगावर उजेड पडत असेतोवर ती बॅटरी खातच राहते. काम झाले की भिंगाला टोपण लावायचे, हेच तिचे बटण. ही सवय अंगवळणी पडायला मला दोन बॅटऱ्या मोजाव्या लागल्या.

पहिल्या रोलची कहाणी सांगण्यात कमीपणा आहे, पण नव्याने फिल्मकडे येणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. रोल घातला, पाठ बंद केली आणि दोन आठवडे मोठ्या विचारपूर्वक एकेक चित्र टिपत राहिलो. आकडा ३६ वर गेला, ३७ वर गेला, आणि लिव्हर तरीही सुखाने फिरत होता. मामांना हे सांगताच त्यांनी एवढेच विचारले, “उलटं गुंडाळायची डावीकडची खुंटी फिरत होती का रे?” ती फिरत नव्हती. फिल्मचे टोक गुंडाळीच्या फटीत नीट अडकवलेच नव्हते, आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत रोल आपल्या डबीतच पडून होता. लिव्हर ओढल्यावर डाव्या बाजूची खुंटी फिरली पाहिजे, ही या कॅमेऱ्यावरची दुसरी खूण. ती मात्र कॅमेरा सांगत नाही, आपल्याला पाहावी लागते.

सुईविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे. ती चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढते, चौकटीत काय आहे हे तिला कळत नाही. खिडकीपाशी बसलेल्या माणसाचे चित्र घेताना मागचा उजेड तिला पुरेसा वाटतो, आणि तिचे ऐकले तर चेहरा काळवंडतो. पांढऱ्या भिंतीसमोर ती उजेड जास्त असल्याचे सांगते आणि भिंत करडी उतरते; काळ्या कोटासमोर उलट होते. आधुनिक कॅमेरा चेहरा ओळखतो आणि हा हिशेब न विचारताच करून टाकतो. इथे मात्र चेहऱ्याजवळ जाऊन, चौकट त्यानेच भरून, सुई मधोमध आणून, मग मागे येऊन चित्र घ्यावे लागते. सुरुवातीला ही कसरत वाटते. चौथ्या-पाचव्या रोलच्या सुमारास माझ्या लक्षात आले की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच मी उजेड कुठून येतो आहे, सावली किती गडद आहे, गालाच्या कोणत्या बाजूला काय पडले आहे, हे पाहू लागलो आहे. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याने दहा वर्षांत मला हे शिकवले नव्हते. त्याचा दोष नाही, त्याला ते शिकवण्याची गरजच पडली नाही.

सुई बंद असली तरी काम अडत नाही. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या गतीच्या, म्हणजे तिला उजेड किती कमी पुरतो हे सांगणाऱ्या आयएसओच्या, आकड्याजवळ ठेवावा, हा जुना ठोकताळा आजही चालतो : ४०० गतीच्या फिल्मला १/५००, १०० च्या फिल्मला १/१२५. याच हिशेबातून या कॅमेऱ्याची एक मर्यादाही कळते. सर्वांत जलद वेग १/१००० असल्याने ४०० चा रोल घालून भर दुपारी एफ/११ पेक्षा मोठे छिद्र (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे) उघडता येत नाही, आणि ५० मिलिमीटर एफ/२ भिंगाची, पार्श्वभूमी विरघळवून टाकणारी करामत त्या वेळी वापरताच येत नाही. रोल घालताना पुढच्या ३६ चित्रांच्या उजेडाचा निर्णय एकदम घ्यावा लागतो. ढगाळ हवेचा अंदाज करून ४०० चा रोल घातला आणि आठवडाभर कडक ऊन पडले, असे माझे दोनदा झाले.

मी बहुतेक वेळा इलफर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म वापरतो आणि घरीच धुतो. अंधाऱ्या पिशवीत हात घालून, केवळ बोटांच्या स्पर्शाने फिल्म रिळावर चढवायची. टाकी बंद झाली की पुढचे सगळे उजेडात. आयडी-११ हा डेव्हलपर तितक्याच पाण्यात मिसळून २० अंश सेल्सियसला १३ मिनिटे, दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा टाकी उलटीसुलटी करायची, मग डेव्हलपरचे काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्के करणारा फिक्सर, मग धुणे. शटर उघडले त्या क्षणी चांदीच्या क्षारांच्या कणांवर उजेडाने केलेला बदल डोळ्यांना दिसण्याजोगा नसतो. त्या सुप्त प्रतिमेला डेव्हलपर दृश्य चांदीचे रूप देतो. फिक्सरनंतर टाकीचे झाकण काढून ओल्या फिल्मचे पहिले दोन हात उजेडासमोर धरताना अकराव्या रोललाही माझा श्वास अडतो. पाण्याचे तापमान सांभाळणे हा या सगळ्यातला खरा त्रास आहे, आणि वाळणाऱ्या फिल्मवर बसणारी धूळ हा दुसरा. रसायनांशी झटापट नको असेल त्यांनी रोल धुवायला बाहेर द्यावा. आनंद त्याने फारसा उणावत नाही.

कारण आनंदाचे मूळ टिपणे आणि पाहणे यांच्यामधल्या अंतरात आहे. एकदा मामा मनगटी घड्याळाला किल्ली देत होते, त्याचे चित्र मी घेतले. तीन आठवड्यांनी निगेटिव्ह पाहिली तेव्हा फोकस बोटांवर नव्हे, तर सदऱ्याच्या उसवलेल्या बाहीवर पडला होता. पडद्यावर ते चित्र त्याच क्षणी दिसले असते तर मी ते पुसून दुसरे घेतले असते, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात बोटेच होती. तीन आठवड्यांनी बोटांचा आग्रह विरला होता आणि समोर ती बाही होती. त्याच रोलवर जिन्यातल्या उजेडाचे एक चित्र होते, ज्याच्या भरवशावर मी तो सगळा काळ काढला. ते अगदी सामान्य निघाले.

फिल्मचे चित्र डिजिटलपेक्षा श्रेष्ठ असते, असा माझा दावा नाही. निगेटिव्हची प्रत मी शेवटी डिजिटल कॅमेऱ्यानेच काढतो, आणि त्यात ढोंग आहे असे कोणी म्हटले तर ते मी मान्य करीन. धावत्या मुलांसाठी, अंधाऱ्या सभागृहातल्या समारंभासाठी किंवा फ्लॅशच्या कामासाठी हा कॅमेरा घेऊ नये; फ्लॅशला १/६० पेक्षा जलद वेग चालत नाही, आणि फोकस हातानेच जुळवायचा असल्याने चष्मा लावणाऱ्याला संध्याकाळी व्ह्यूफाइंडरच्या मधल्या खडबडीत वर्तुळाशी बराच झगडा करावा लागतो. जुने यंत्र नकोच असेल तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे. तो अर्ध्या फ्रेमचा असल्याने ३६ च्या रोलवर ७२ चित्रे बसवतो आणि उजेडाचा हिशेब स्वतः करतो. ज्याला केवळ फिल्म हवी त्याने तो घ्यावा. ज्याला उजेड मोजायला शिकायचे आहे त्याने के१००० घ्यावा.

तो आता जुनाच मिळणार, म्हणून घेताना काही गोष्टी तपासाव्यात. पाठीच्या कडेला उजेड अडवणारा फोम असतो. वयोमानाने तो चिकट होऊन भुगा होतो, पण बदलता येतो. भिंगातून उजेडाकडे पाहावे, बुरशीचे धागे दिसले तर ते भिंग परत करावे. सुई उजेड-सावलीप्रमाणे हलते का ते पाहावे. मग पाठ उघडी ठेवून शटरचे सगळे वेग एकेक करून चालवावेत आणि १ सेकंदाचा वेग कानाने मोजावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात वंगण सुकते आणि हा सेकंद लांबतो. थोडासा लांबलेला सेकंद निगेटिव्ह फिल्म सहज पोटात घालते, कारण जादा उजेड तिला बराच सोसतो. निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र देणारी स्लाइड फिल्म मात्र घालत नाही, तेव्हा यंत्राची सफाई होईपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये.