मुलाखत-प्रशिक्षण कार्यशाळा: शिकवण चोख, क्षेत्रभेट मात्र घाईची

संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती कशा घ्याव्यात, या विषयावर कोल्हापुरातील एका खासगी संस्थेने घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी गेलो होतो. पहिला दिवस उत्तम होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा फटका बसलेल्या प्रयाग चिखलीसारख्या गावात 'नुकसान किती झाले?' असे विचारले, तर समोरचा माणूस पंचनाम्यातला आकडा सांगून गप्प होतो. 'पाणी वाढू लागले त्या दिवशी काय काय घडले?' असे विचारले, तर तोच माणूस गोठ्यातल्या म्हशी आधी कुठे हलवल्या इथपासून सांगू लागतो, हे प्रशिक्षिकेने आम्हालाच एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावून पटवून दिले. ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी मागावी, उत्तर टाळण्याची मुभा द्यावी आणि आपल्याकडून सरकारी मदत मिळणार नाही हे आधीच सांगावे, हेही नीट समजावले.

दुसऱ्या दिवशीच्या क्षेत्रभेटीत मात्र हेच सारे विसरले गेले. ऐन धार काढण्याच्या वेळी, पूर्वसूचना न देता, आम्ही चौदा जण एका अंगणात उभे राहिलो. घरातल्या आजींनी चहा दिला, परंतु त्यांचे लक्ष डेअरीच्या वेळेकडे होते. शिवाय संमतीपत्राची भाषा 'सदर उत्तरदात्यास' अशा थाटाची होती. ते आजींना कोणी वाचूनही दाखवले नाही. शुल्क १,८०० रुपये होते. केवळ पहिल्या दिवसासाठी मी ते पुन्हा भरेन.