दोन बी२१० आणि जीपीएस क्लॉक: केळीच्या वावरातला वापरानंतरचा अनुभव

रावेरकडच्या आमच्या केळीच्या वावरात दोन टोकांना दोन यूएसआरपी बी२१० (संगणकावरून चालवायचे रेडिओ बोर्ड) आहेत. प्रत्येकाला जीपीएसवर लॉक होणारं, म्हणजे उपग्रहांच्या वेळेशी जुळून चालणारं, १० मेगाहर्ट्झचं क्लॉक जोडलंय. हिवाळ्यापासून हे चालू आहे. दोघांनी एकच सिग्नल असा सोडायचा की गावातल्या रिसीव्हरपाशी लहरी जुळून याव्यात. जुळल्या तर तिथे एका ट्रान्समीटरच्या चौपट पॉवर मिळते, म्हणजे ६ डीबी जास्त. ओलावा मोजणाऱ्या, बॅटरीवरच्या सेन्सरसाठी हे फार मोलाचं आहे.

बोर्डावरच्या क्रिस्टलची अचूकता ±२ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग इकडेतिकडे. ८६६ मेगाहर्ट्झवर दोन बोर्ड उलट दिशांना सरकले तर साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत फरक पडतो. मग फेज, म्हणजे लहरींचे चढउतार, जुळवायची कशी? जीपीएस क्लॉकनं हा फ्रिक्वेन्सीच्या फरकाचा प्रश्न पुरता सोडवला. मे महिन्यातल्या ४५ अंशांतही लॉक सुटला नाही. या बाबतीत मी अतिशय समाधानी आहे.

फेज मात्र क्लॉक जुळवून देत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्या. अशा क्लॉकची वेळ साधारण ५० नॅनोसेकंदांत पक्की असते आणि ८६६ मेगाहर्ट्झची एक लहर जेमतेम १.१५ नॅनोसेकंदांची. त्यात बोर्डावरची एडी९३६१ ही रेडिओ चिप दरवेळी सुरू होताना वेगळ्याच फेजवर उभी राहते. म्हणून रिसीव्हरचा फीडबॅक लागतोच. मी एका बिटची पद्धत वापरतो: दोघेही आपापली फेज किंचित, कशीही हलवतात, सिग्नल वाढला की नाही एवढंच रिसीव्हर कळवतो, वाढला तर बदल ठेवायचा, नाहीतर मागे घ्यायचा. कोण कुठे उभा आहे हे कुणालाच माहीत असावं लागत नाही. इतकी साधी आणि इतकी भरवशाची पद्धत मला दुसरी दिसली नाही. शिवाय ६० अंशांची चूक राहिली तरी पॉवर तिप्पट मिळतेच.

सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा जुळणी छान टिकते. दुपारी पानं सळसळू लागली की फेज हलते, फीडबॅक भरभर द्यावा लागतो. केळी निसवल्यावर, वावर दाट झाल्यावर हे जास्तच जाणवलं.

जीपीएसचा अँटेना पत्र्याखाली चालत नाही. मोटारीच्या खोलीवर खांब लावून उघड्या आभाळाखाली ठेवा. लाइट गेली की क्लॉकचा ओव्हन (क्रिस्टल एकाच तापमानाला ठेवणारी डबी) थंड होतो, पुन्हा तापून लॉक व्हायला वेळ जातो, म्हणून बॅटरी हवीच.

दोन्ही रेडिओ एकाच खोलीत असतील तर दोन क्लॉक घेऊ नका. एकच क्लॉक, स्प्लिटर आणि सारख्या लांबीच्या केबल पुरतात.