क्लब खुर्ची आणि फोंड्याचा पाऊस: दहा महिन्यांनंतर

खुर्ची घरात आली तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता एक उन्हाळा आणि बहुतेक सगळा पावसाळा काढून झालाय.

खुर्ची हातकामाची, जुन्या फ्रेंच क्लब घाटाची. पाठ बुटकी, हात जाडजूड नि गोलसर, बैठक खोल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये अशा खुर्च्यांवर बहुतेक मेंढीचं कातडं चढवत. माझ्या खुर्चीचं म्हशीचं आहे, जाड. जनावराच्या अंगावरचा एक ओरखडाही त्यात तसाच दिसतो. घेण्याआधी मी ती उलटी करायला लावली. खाली तागाचे पट्टे, त्यांवर स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ बाजूंना ओढून बांधलेली. कारागिराने तळव्याने एक दाबली, तर शेजारच्या तीन-चार तिच्याबरोबर खाली गेल्या. तिथेच मी खिसा सैल केला. आमच्या फोमच्या सोफ्यात दोन वर्षांत खड्डा पडला होता.

पहिले दोन महिने मात्र बैठक चक्क टणक होती. दिवाळीला आलेला मेहुणा म्हणाला, "एवढे पैसे देऊन बाकडं आणलंस?" शिमग्यापर्यंत ती अंगाला बसली. हातांवरचा तपकिरी रंग आता तळवा टेकतो तिथे गडद आणि तुकतुकीत झालाय.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि विक्रेता म्हणाला होता, "काही करावं लागत नाही." जुलैत एका सकाळी पाठीमागे हात फिरवला, तर बोटांना पीठ लागल्यासारखी पांढरी बुरशी! चूक माझीही होती, खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली होती. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून आधी कोपऱ्यात डाग पडत नाही ना ते पाहिलं, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने सगळी पुसली आणि पंख्याखाली वाळवली. उन्हात ठेवू नका, कातडं तडकतं. आता ती भिंतीपासून वीतभर लांब आहे आणि दर रविवारी कोरडं फडकं फिरतं. रेक्झिनला एवढी मिनतवारी लागत नाही, पण त्याचे पापुद्रे निघायला लागले की फेकण्यावाचून गत्यंतर नसतं.

मे महिन्यात बनियनवर बसलात तर पाठ चिकटते. तेव्हा बाल्कांवातली, म्हणजे दारापुढच्या ओसरीतली, आजोबांची वेताची आरामखुर्चीच बरी.

आईचा विरोध वेगळाच. "कातडं देवघराच्या तोंडावर नको," म्हणून खुर्ची खिडकीकडे सरकली. उजेड तिथेच चांगला येतो. गेल्या आठवड्यात दुपारी घरी आलो, तर बैठकीवर धुतलेला पंचा अंथरून आई पेपर वाचत बसली होती. मला म्हणाली, "तू वेताच्या खुर्चीत बस."