लेक एअर बघायला मुलांसह: हॅलिगन बे की मुलूरिना?

लेक एअर म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं भलंमोठं खारं तळं. तिथे मुक्कामाला या दोन जागांतली कोणती निवडावी, हे ॲडलेडच्या वहिनीला ठरवता येत नाहीय.

रस्ता: हॅलिगन बेला विल्यम क्रीक या छोट्या वस्तीजवळून सुमारे ६० किमी कच्ची, खडखडाटी वाट; हाडं खिळखिळी होतात. मारी गावाहून मुलूरिना त्यापेक्षा सोपं. पाऊस पडला की दोन्ही बंद.

मुक्काम: हॅलिगनला सावली नाही, पाणी नाही, वारा मात्र फुकट. पण तंबू तळ्याकाठीच. मुलूरिनाला झाडं, पाणवठा, पोरं खूश. तळं बघायला मात्र पुढे लेव्हल पोस्ट बे या काठापर्यंत जावं लागतं.

खर्च: हॅलिगनला राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क. पेट्रोल दोन्हीकडे खिसा कापतं.

तळ्याच्या मिठाच्या थरावर गाडी घालायची नाही, कुठेही. मनाई आहे, आणि गाडी रुततेही.

पोरं दहाच्या आतली असतील तर मुलूरिना. मोठी असतील आणि सूर्योदय तंबूतूनच हवा असेल, तर हॅलिगन.